आमच्या जीपला डांबर सोसत नाही

आमच्या जीपमधला आवाज गेला. कायमचा गेला! आता तर गाडी चालू आहे की बंद, हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागतो.

एवढं सांगून झालं, आता हे विसरा. तुम्ही वाचलं नाही, मी लिहिलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट घडलेलीच नाही असं ठरलंय, आणि आप्पांसमोर तर तिचं नावही काढायचं नसतं. तेव्हा असं समजा की आवाज आहे. चांगला दणदणीत आहे. आणि मी, कुंदन, सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतोय, "त्यात काय! एका रविवारात शोधून देतो!"

माझी पात्रता विचाराल, तर मी कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांचे मोर काढतो. मोराचा पिसारा कुठे अडला हे ज्याला कळतं, त्याला जीप कुठे अडली हे का कळू नये? शिवाय मी मोबाईलवर गाडीदुरुस्तीचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की स्वप्नातही कोणीतरी मला चॅनल सबस्क्राइब करायला सांगायचं.

जीप आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील, शालिग्राम मास्टर. शाळेतले मास्टर नव्हेत! लूमच्या कारखान्यात बिघडलेलं मशीन जो नीट करतो, त्याला सुरतेत मास्टर म्हणतात. उभी हयात खटाखट चालणाऱ्या लूमांमध्ये गेल्यामुळे आप्पांना माणसांचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. मशीनचं मात्र पूर्ण ऐकू येतं, असा त्यांचा दावा आहे. माय जेवायला हाका मारून मारून दमते आणि आप्पा भिंतीपलीकडच्या कारखान्याकडे कान देऊन म्हणतात, "त्या कोपऱ्यातल्या लूमला तेल नाही."

(आम्ही घरात अहिराणीच बोलतो. आप्पांचं बोलणं तुमच्यासाठी सोपं करून लिहितोय. मायच्या बोलण्याला हात लावायची माझी हिंमत नाही.)

आता लूमच्या मास्टरला चारही चाकांनी ओढणारी जीप कशाला हवी? तर दगाकाकांसाठी.

आमचं गाव शिंदखेड्याकडे. श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची देवी, कानबाई, बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन दळतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडाही नाही. त्यामुळे कितीही वाकडं असो, त्या दिवशी गावी जावंच लागतं. भांडायलाही सगळे एकाच ठिकाणी सापडतात, ही आणखी एक सोय.

पण हायवे सोडला की गावापर्यंत सगळी काळी माती. श्रावणात त्या वाटेचं पिठलं होतं. दरवर्षी आम्ही एसटीतून फाट्यावर उतरायचो आणि आप्पांचे चुलतभाऊ दगाकाका ट्रॅक्टर घेऊन हजर असायचे. ट्रॉलीत खताची पोती. काका लांबूनच ओरडायचे, "सुरतकर उनात रे! उचला!" मग आम्हाला उचलून पोत्यांवर ठेवलं जायचं आणि ट्रॉली गावभर मिरवायची. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले आप्पा युरियाच्या पोत्यावर ताठ बसायचे. 

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "यंदा कानबाईला आपल्या गाडीने. आपल्या चाकांवर. थेट दगाच्या अंगणात."

म्हणून ही जीप. डांगच्या जंगलात लाकडं ओढणाऱ्या एका कंत्राटदाराची. माझ्यापेक्षा वयाने मोठी. रंग मुळात हिरवा असावा, असा संशय घ्यायला जागा होती. आत दोन दांडे होते. मोठा दांडा गिअरचा, हे आप्पांना ठाऊक होतं. छोट्या दांड्याबद्दल कंत्राटदार बराच वेळ हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि आप्पा मान डोलवत होते. त्यांना त्यातलं काहीही ऐकू आलेलं नव्हतं. पण मशीनबद्दल मास्टर कोणाला प्रश्न विचारत नसतो. मी तिथेच होतो. जीपबरोबर फोटो काढत होतो.

डांगातून नवागामपर्यंत गाडी गुपचूप आली. घोळ झाला तो पूजेनंतर.

मायने लाल कापडात नारळ बांधून आणला होता. तो पुढे काचेजवळ ठेवला तर घरंगळायला लागला. आरशाला टांगला तर आप्पांना समोरचा रस्ता दिसेना, नुसता नारळ दिसायला लागला. मग मायला तो छोटा दांडा सापडला.

"हाऊ बेस शे," ती म्हणाली. "देवीकरताच ठेयेल दिखस."

नारळ दांड्यावर बसला, पण शेंडी एका बाजूला कलली. देवी तिरपी कशी चालेल? आप्पांनी दांडा दोन्ही हातांनी धरून जोरात मागे ओढला. 'ठक' झालं आणि शेंडी सरळ झाली. माय खूश! तिने लाल दोरा इतका गुंडाळला, इतका गुंडाळला, की वटपौर्णिमेला बायकांनी जीपलाच फेऱ्या मारल्यासारखं दिसायला लागलं. वर हळद, कुंकू आणि हुकूम: "आते येले कोनी हात लावानं नही!"

गल्लीच्या पहिल्याच वळणावर आवाज आला. कट... कट... कर्रर्र... ढुप्! आणि त्या ढुप् बरोबर जीपने एक उडी मारली, उचकी लागलेल्या म्हशीसारखी.

आप्पांनी गाडी थांबवली. डोळे मिटले. "धोट्याचा दांडा," ते म्हणाले.

"काय?"

"लूममध्ये धोटा फेकणारा दांडा असतो. तो बिघडला की असंच वाजतं."

"आप्पा, जीपमध्ये धोटा नसतो."

"तू उघडून बघितलंस?"

मी उघडून बघितलेलं नव्हतं. मुद्दा तिथेच संपला.

आता आवाज शोधायचा तर आधी तो नीट ऐकायला हवा. पण नवागामात प्रत्येक भिंतीच्या पलीकडे लूम चालू! तिथे जीपचा आवाज ऐकणं म्हणजे वरातीत उभं राहून नवरदेवाची नाडी बघणं. तरी सगळी गल्ली मदतीला धावली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाला स्वतःचंच मशीन ऐकू येतंय. समोरच्या चंचलवहिनी घरी ब्लाउज शिवतात. त्या म्हणाल्या, "दोरा अडकलाय, बॉबीन काढून परत भरा." शेजारचा वाल्मिक कतारगामला हिरे घासतो. तो टायरजवळ उकिडवा बसला, एक डोळा मिटला, दुसऱ्याने बराच वेळ टायरच्या आत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "माल चांगला आहे. पण पोटात डाग आहे."

"कोणाच्या पोटात?"

"ते घासल्याशिवाय नाही सांगता येणार."

त्यातच माय एकदा जीपमधून भाजीला गेली. येताना वळणावर ढुप् झालं, पिशवीतले कांदे उडाले, आणि रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवत मागे पळाली. घरी येऊन तिने पदर खोचला.

"कानबाईना आदला दिवसलोंग आवाज नही गया, ते आपन एसटीवर जासूत. आन हाई धूड मगनभाईना भंगारमा!"

हे मात्र आप्पांना पूर्ण ऐकू आलं.

मगनभाई म्हणजे कामरेजकडचे भंगारवाले. आप्पांचा चेहरा बघून मला राहवलं नाही, आणि मी तो कमरेवर हात ठेवून रविवारचा वायदा केला. तो तुम्ही वर वाचलाच आहे. तो विसरायला मी सांगितलेलं नाही, दुर्दैवाने.

रविवारी आम्ही शांतता शोधायला कामरेजकडे निघालो. आप्पा चालवत होते, वाल्मिक शेजारी, आणि मी मागे पालथा पडलेला. कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं दुसरं टोक जीपच्या तळाला. व्हिडिओत असंच दाखवलं होतं. व्हिडिओतल्या माणसाला आवाजाचं मूळ सापडतं. मला फक्त कानाचं मूळ सापडलं, कारण प्रत्येक ढुप् बरोबर स्क्रू ड्रायव्हर आत जात होता.

हायवे सोडून उसाच्या शेतातल्या मऊ वाटेवर वळलो. आणि आवाज बंद!

"गेला?" आप्पा.

"गेला!" मी.

आनंदाने परत डांबरावर आलो. कट... कट... कर्रर्र... ढुप्! परत मातीत. चिडीचूप. परत डांबरावर. ढुप्! आम्ही जीप मातीतून डांबरावर आणि डांबरावरून मातीत अशी नेत राहिलो, ओल्या कपड्याची घडी उलटीसुलटी करून वाळत घालावी तशी. शेतमालक बांधावर येऊन बसला. बराच वेळ त्याने काही विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

शेवटी म्हणाला, "शुं शोधो छो?"

"आवाज," मी म्हणालो.

"मळ्यो?"

"इथे नाही. तो रस्त्यावर आहे."

"तो पछी रस्ता पर शोधो ने, भाई!"

 परतताना वाल्मिकने खिडकीबाहेर बघत निदान सांगितलं, "हिला डांबर सोसत नाही. आमच्या आजीला दूध सोसायचं नाही, तसं."

घरी मायच्या कानावर ते गेलं आणि तिने लगेच मीठमोहऱ्यांनी जीपची दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या. "दख, कितली नजर!" माय म्हणाली. मी त्या आवाजाचं रेकॉर्डिंग केलं. मोहऱ्यांचं नाही, जीपचं. आणि जगाच्या पाठीवर कोणीतरी जाणकार असेल या आशेने आमच्या भाऊबंदकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. पहिलं उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसरं, 'कधी झालं?' तिसऱ्याने फक्त हात जोडले. दगाकाकांनी लिहिलं, 'सुरतचा लूम चाकांवर आणताय का? ट्रॅक्टर तयार ठेवतो.' आणि खाली हसणारे इतके चेहरे, की आप्पांना वाटलं फोन बिघडला.

मग मी हार मानून गजेंद्रला बोलावलं. गजेंद्र डिंडोलीचा मेकॅनिक. तो खरा तीनचाकी टेम्पोंचा. चौथ्या चाकाकडे जरा संशयानेच बघायचा. पण ओळखीचा होता, आणि मुख्य म्हणजे येतो म्हणाला होता.

गजेंद्रने जीपचं दार उघडलं, आत नारळ बघितला आणि बाहेर चपला काढल्या.

"हा दांडा कसला?" त्याने विचारलं.

"देवीचा," आप्पा म्हणाले.

"अच्छा," गजेंद्र म्हणाला आणि दांड्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. पुढे तो रोज यायचा, रोज चपला काढायचा, रोज वाकून गिअरच्या डब्याला कान लावायचा. तसं करताना त्याचं डोकं बरोबर नारळाला टेकायचं. माय दारातून बघत राहायची. "कितला भाविक पोऱ्या शे!" आणि माझ्याकडे एक नजर.

त्याने आधी क्रॉस बदलला. क्रॉस म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या लांब नळीचा सांधा. मग बेअरिंग बदललं. मग तेल. मग क्रॉस पुन्हा बदलला, बहुतेक पहिल्याला वाईट वाटू नये म्हणून. जीप जॅकवर उचलून चाकं हवेत फिरवली. आवाज नाही! खाली उतरवून रस्त्यावर नेली. ढुप्!

"मातीत वाजत नाही, हवेत वाजत नाही," गजेंद्र कपाळावरचं कुंकू पुसत म्हणाला. ते नारळाचं लागलेलं होतं. "फक्त डांबरावर वाजते. भाऊ, ही गाडी नाटक करतेय."

"मग उपाय?"

"हवेत चालवा."

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. जाताना अगरबत्ती मात्र लावून गेला.

कानबाई तीन दिवसांवर आली. संध्याकाळी बघितलं तर आप्पा बंद जीपमध्ये बसलेले. हात स्टीअरिंगवर. मी शेजारी जाऊन बसलो. गल्लीत लूम खटाखट चालू होते. ते म्हणाले, "कुंदन, मला आता मशीनही ऐकू येईनासं झालं का रे?"

"नाही हो आप्पा," मी म्हणालो.

त्यांना ते ऐकू आलं नाही.

शुक्रवारी मगनभाई आले. देहाने भरभक्कम. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, जागोजागी ठोकून बघितलं, बाजारात कलिंगड ठोकतात तसं.

"लोखंड तो सारूं छे, मास्टर," ते म्हणाले. "चालो, एक आंटो मारीए."

आप्पा चालवायला बसले. मगनभाई पुढे, मी आणि माय मागे. माय का आली? नारळ उतरवून घ्यायला. देवी भंगारात जाता कामा नये, बाकी सगळं गेलं तरी चालेल, असा तिचा हिशेब. डिंडोलीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून, गाडी वर आली, वळणाला लागली. कट... कट... कर्रर्र... ढुप्! या वेळची उडी शेवटची असल्यासारखी जीव तोडून मारलेली होती. मगनभाईंचा भक्कम देह जागेवरून निसटला, त्यांनी हवेत हात मारले आणि जे पहिलं हाताला लागलं ते गच्च धरलं.

नारळ!

मायने किंकाळी फोडली. मगनभाई पुढे ढकलले गेले, नारळ पुढे ढकलला गेला, नारळाखालचा दांडा पुढे ढकलला गेला. ठक!

आणि मग काही नाही. वळण संपलं. दुसरं वळण आलं, तेही संपलं. जीप लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. 

"माताजी!" मगनभाईंच्या तोंडून निघालं. त्यांनी नारळ सोडला, दोन्ही हात जोडले, आणि गाडी थांबताच उतरले. "आ गाडी मारे ना जोईए, मास्टर! बिलकुल ना जोईए!" असं म्हणत पायी चालू पडले. कामरेजपर्यंत गेले असतील तर आपली जबाबदारी नाही.

मी पुढे वाकलो. दोऱ्याच्या वेटोळ्यातून दांड्याची मूठ जराशी उघडी पडली होती. कुंकू खरवडलं, तर खाली झिजलेले आकडे. पुढे दोन, मागे चार.

सगळं माझ्या डोक्यात एकदम उतरलं, आणि मी बडबडत सुटलो. "आप्पा! हा दांडा चिखलाचा! मागे ओढला की चारही चाकं ओढतात, पुढे ढकलला की फक्त मागची दोन! डांबरावर वळताना पुढची चाकं जास्त पळतात, मागची कमी. आणि हा दांडा त्यांना एकत्र बांधून ठेवतो. कानबाईला सगळे भाऊबंद एका खोलीत कोंडल्यासारखं! मग भांडण, कटकट, ढुप्! मातीत चाक जरा घसरतं, तेवढ्यात ज्याचं त्याचं समाधान होतं!"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. "म्हणजे मशीन नीट होतं?"

"एकदम नीट!"

"आणि मला दांडा ऐकू आला होता."

"काय?"

"पहिल्या दिवशी काय म्हणालो मी? दांडा!" आप्पांचा चेहरा असा उजळला, की मी धोट्याचा विषय काढलाच नाही. काही गोष्टी विज्ञानापेक्षा मोठ्या असतात.

पण मायच्या मते विज्ञान वगैरे काही नव्हतं. देवीला तिरपं बसायचं होतं, आपण उगाच सरळ केलं, म्हणून ती कुरकुरत होती. मगनभाईच्या हातून तिने आपली जागा करून घेतली. घरी पोचताच तिने नव्या जागेवर नवा दोरा गुंडाळायला घेतला. पहिल्याच्या वरून. या वेळी नायलॉनचा.

"माय, गावाच्या चिखलात हा मागे घ्यावा लागेल गं!"

"आवाज गया ना?"

"गेला, पण..."

"मंग!"

शनिवारी निघालो. बारडोली, व्यारा, नवापूर. कोंडाईबारीचा घाट जीपने गुणगुणत चढला. आप्पांनी पांढरा शर्ट घातला होता आणि ते चक्क शीळ वाजवत होते. चहाला थांबलो तेव्हा इंजिन चालूच ठेवून उतरले, लोकांना न येणारा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. टपरीवाल्याला म्हणाले, "ऐका." तो बिचारा ऐकत राहिला. "काय ऐकू आलं?" "काहीच नाही." आप्पांनी त्याच्याकडून आणखी एक चहा घेतला.

फाट्यावर दगाकाका ट्रॅक्टर घेऊन उभे होतेच. आप्पांनी गाडी थांबवली नाही. नुसता हात बाहेर काढून हलवला, मंत्री हलवतात तसा, आणि जीप काळ्या वाटेवर घातली. मागच्या काचेतून मला काका दिसत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. मी सांगतो, त्या क्षणासाठी आप्पांची सगळी हयात लूमांत गेली ती वसूल होती.

क्षण होता म्हणजे क्षणच. जीप हळू झाली. मग जागच्या जागी गुरगुरायला लागली. मागची दोन चाकं चिखल उडवत गरगर फिरत होती आणि पुढची दोन स्वस्थ बसून बघत होती, लग्नघरातल्या जावयासारखी.

"आप्पा, दांडा!" मी ओरडलो. "मागे ओढा!"

आप्पांचा हात नारळाकडे गेला.

"हात लावानं नही!" माय मागून गरजली. तिच्या मांडीवर कानबाईच्या पूजेचं सामान होतं. "आवाज परत येई! दगाना दारमा कटकट करत जावानं शे का?"

आप्पा थांबले. एका बाजूला चिखल, एका बाजूला आवाज, मागे माय, आणि तिच्याही मागे दगाकाकांच्या ट्रॅक्टरची धकधक जवळ येत चाललेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतका एकटा माणूस मी भरलेल्या गाडीत कधी पाहिला नाही.

"येऊ दे आवाज," आप्पा म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. नायलॉन हलेना. पाय रोवून पुन्हा ओढला. नायलॉन सुरतेचा, पक्का. त्याने दांड्याला मागे येऊच दिलं नाही. आप्पांनी डोळे मिटले, दात आवळले आणि लूमच्या मास्टरच्या मनगटात जेवढा जोर उरला होता तेवढा सगळा लावला.

ठक नाही झालं. खट्ट झालं.

आप्पा सीटवर मागे कोसळले. दांडा त्यांच्या हातात होता. अख्खा, बुडापासून, वर नारळासकट! गदा खांद्यावर घेतलेल्या मारुतीसारखे ते बसून राहिले. जीपच्या तळाशी, जिथे दांडा होता तिथे, एक छोटंसं गोल भोक होतं. त्यातून खालचा चिखल दिसत होता. चारही चाकं आता कधीच एकत्र बांधली जाणार नव्हती; आवाज कायमचा गेला होता.

ट्रॅक्टर येऊन थांबला.

"भाऊ," दगाकाका खाली वाकून म्हणाले, आणि हसू आवरत नसल्यामुळे त्यांना ते वाक्य दोनदा सुरू करावं लागलं, "भाऊ, यंदा ते गाडीसकट उचलनं पडनं!"

दोर जीपच्या पोटाखालून घेऊन बांधला. जीप निघाली. पोरं पळत आली, बायका ओट्यावर आल्या. इंजिन बंद होतं, त्यामुळे जीपचा आवाज कसलाच नव्हता. पण आप्पा! आप्पा सगळी वाट स्टीअरिंग फिरवत होते. वळण आलं की हाताने इशारा देत होते. चढ आला तेव्हा त्यांनी बंद गाडीचा गिअर बदललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. देवळापाशी हॉर्न वाजवला. गाव हसत होतं आणि आप्पा गाडी चालवत होते. मी बाजूला बसून समोरचा दोर दिसू नये म्हणून मान खाली घातली, तर भोकातून दिसला.

अंगणात काकूंनी ओवाळलं. आधी ट्रॅक्टरला.

मायने तो दांडा नारळासकट कानबाईच्या शेजारी ठेवला. त्याची रीतसर पूजा झाली. दुसऱ्या दिवशी रोट खाताना भाऊबंदांमध्ये दुसरा विषय नव्हता. आप्पा खाली मान घालून जेवत होते. अचानक त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "कुंदन, आपण आलो ते चाकांवरच आलो ना?"

"हो आप्पा."

"आपल्याच?"

"आपल्याच."

"आणि चारही फिरत होती?"

मी विचार केला. ओढून नेलेल्या गाडीची चारही चाकं फिरतात. यात खोटं काहीच नव्हतं. "चारही, आप्पा."

"मग?" आप्पा दगाकाकांकडे वळून म्हणाले.

दगाकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मंग पंचायतना दाखला आन!" ते म्हणाले. "दाखला दावशी ते मानसू!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर मला दुसरा मार्ग उरला नाही. खालील अर्ज मी सोमवारी सकाळी पंचायतीच्या बंद दाराखालून आत सरकवून आलो आहे.

मा. ग्रामसेवक साहेब, सविनय अर्ज करतो की, माझे वडील श्री. शालिग्राम मास्टर, राहणार नवागाम, सुरत, हे कानबाईच्या आदल्या दिवशी स्वतःच्या जीपमधून, स्वतः स्टीअरिंग धरून, जीपच्या चारही चाकांवर गावात दाखल झाले. त्या वेळी एक ट्रॅक्टर सदर जीपच्या पुढे, त्याच दिशेने व त्याच वेगाने, केवळ योगायोगाने चालला होता, आणि दोन्ही वाहनांच्या मध्ये आढळलेला दोर हा भाऊबंदकीतील स्नेहाचा होता. तरी वरीलप्रमाणे नोंद दप्तरी घेऊन तसा शिक्क्याचा दाखला माझ्या वडिलांच्या नावे द्यावा, व त्याची एक प्रत दगाकाकांच्या ट्रॅक्टरवर, मागून येणाऱ्यास वाचता येईल अशा ठिकाणी, कायमस्वरूपी चिकटवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.